चोवीसवर ठेवलेली खोली

शोभना गुळवणीला कुणी वाईट म्हटलं, तर दुबईच्या अल बर्शातली निम्मी मराठी मंडळी त्याच्या अंगावर धावून जातील. मंडळाच्या गणपतीला मोदक तिच्या घरून येतात. कुणाकडे बाळंतपण असलं की डिंकाचे लाडू तिच्याच हातचे. नववी-दहावीच्या पोरांना सायन्स शिकवावं तर शोभना मॅडमनीच, असं आया एकमेकींना सांगतात. आवाज कधी चढत नाही, कपाळाला आठी दिसत नाही. आवाज न चढवता माणसाचं काय काय करता येतं हे ज्यांना ठाऊक नाही, ते सुखी आहेत बिचारे. त्यांनी सुखीच राहावं. बाकीच्यांनी ऐकावं.

फ्लॅट मॉलच्या मागच्या गल्लीत, मेट्रोपासून चालत जाण्याइतका. हॉल, दोन मोठ्या बेडरूम आणि मधल्या पॅसेजच्या टोकाला एक मागची लहान खोली. ती लहान खोली शोभनाची. तिथे तिचा पांढरा फळा, पोरांच्या खुर्च्या आणि शेल्फभर गाइडं. या देशात आल्यावर तिची पुण्यातली शाळेची नोकरी सुटली होती आणि दोन वर्षं ती नुसती 'गुणवंतची बायको' होऊन बसली होती. त्या खोलीनं तिला परत मॅडम केलं. दार लावून घेतलं की ती तिथली राणी असायची, आणि खरं सांगायचं तर ते तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं.

मग कराडहून सासूबाई आल्या.

सत्यभामाबाईंचे यजमान गेले आणि गुणवंतनं चार माणसांत छाती पुढे काढून सांगितलं, "आई आता माझ्याकडे." तो इन्शुरन्स कंपनीत मॅनेजर, बोलायला एकदम गोड. कराडचं भाड्याचं घर सोडलं, भांडीकुंडी वाटून टाकली, कपाट शेजारणीला दिलं. देवांचा डबा तेवढा बाईंनी पदराखाली धरून आणला. परत जायचं म्हटलं तर कराडात आता त्यांना टेकायलाही जागा उरली नव्हती. दुसरा मुलगा नाही, मुलगी नाही. हे घर राहिलं तर राहिलं, नाहीतर अमरावतीला गुणवंतच्या मित्राच्या ओळखीचा एक वृद्धाश्रम होता. त्याचं नाव घरात कुणी काढत नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

सत्यभामाबाईंना मागची खोली मिळाली. फळा बाल्कनीत गेला, शिकवणी डायनिंग टेबलावर आली.

आता सासू छळवादी असती तर शोभनाचं काम सोपं होतं. पण बाई गरीब स्वभावाच्या. त्या चहा बशीत ओतून प्यायच्या, फुर्र आवाज करून. सोफ्याच्या पाठीला त्यांच्या तेलाचा डाग पडला. शिकवणीची पोरं आली की "ये रे बाळा, काय खाल्लंस?" म्हणून मध्येच विचारायच्या आणि पोरं फिदीफिदी हसायची. एका पोराच्या आईला त्यांनी दारातच स्वतःच्या गुडघेदुखीची साग्रसंगीत कथा ऐकवली. बस्स, एवढेच अपराध. एवढ्यावर कुणाला हाकलता येत नाही. आणि शोभनाला त्या नको होत्या. नको म्हणजे नकोच होत्या. रात्री अंथरुणावर पडलं की तिला ती खोली आठवायची, आणि मन कडू होऊन जायचं.

त्या घरात देव कुठे होते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. आपल्या लोकांची एक हौस असते. वाळवंटात राहू, विसाव्या मजल्यावर राहू, पण देव्हारा ईशान्येलाच हवा. गुणवंतनं फोनमधल्या होकायंत्रावर ईशान्य शोधली, तर ती निघाली नेमकी पॅसेजच्या भिंतीवर, एसीच्या थर्मोस्टॅटच्या खाली. दुसरी भिंत नव्हती. मग तिथेच सागवानी देव्हारा ठोकला. वर थर्मोस्टॅट, खाली देव, मध्ये वीतभर अंतर. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, कारण शोभना देवापुढे बॅटरीवरचा दिवा लावायची.

सत्यभामाबाईंनी तो बॅटरीचा दिवा पहिल्याच संध्याकाळी बाजूला ठेवला. "असल्या दिव्यानं देव फसतात होय गं?" म्हणाल्या आणि पितळी समई लावली, तेलाची, चांगल्या दोन वातींची.

हॉलला आणि मोठ्या बेडरूमना आपापले थर्मोस्टॅट होते. पॅसेजमधला सांभाळायचा पॅसेज आणि मागची खोली. त्या संध्याकाळी डायनिंग टेबलावर शिकवणी चालू असताना एका पोरानं विचारलं, "मॅम, एसी अठरावर ठेवला की रूम लवकर थंड होते ना?" शोभना हसली. हा प्रश्न तिचा आवडता.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "थर्मोस्टॅट म्हणजे नुसतं एक बटण आहे, स्वतःच चालू-बंद होणारं. आपण त्याला एक आकडा सांगायचा. त्याच्या आजूबाजूची हवा त्या आकड्यापेक्षा गरम असली की तो एसी चालू करतो, थंड झाली की बंद करतो. अठरा सांगा नाहीतर चोवीस, गार हवा येते त्याच वेगानं. आणि त्याला कळते ती फक्त स्वतःच्या नाकासमोरची हवा. आत खोलीत कोण गारठलंय, कोण घामाघूम झालंय, त्याला काय पत्ता?"

हे बोलता बोलता तिची नजर पॅसेजकडे गेली. समईची ज्योत सरळ उभी होती आणि तिची धग नेमकी वरच्या थर्मोस्टॅटच्या पांढऱ्या डबीवर चढत होती. डबीवर आकडा होता चोवीस. मागच्या खोलीच्या झडपेतून गार हवेचा आवाज येत होता. शोभना शिकवता शिकवता कान देऊन राहिली. पोरं घरी गेली तरी तो आवाज थांबला नव्हता. समई शांत झाली तेव्हा कुठे तो थांबला.

देव्हारा हातभर सरकवायचा, एवढंच काम होतं. दोन खिळे लागले असते. दुसऱ्या कुठल्याही बाईनं नवऱ्याला हाक मारून सांगितलं असतं आणि वर हसली असती. शोभनानं सांगितलं नाही. सकाळी सत्यभामाबाई शाल पांघरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रात्री फार गारठा वाटला गं." तेव्हा ती म्हणाली, "हो का? नवीन जागा आहे ना आई, होईल सवय."

आठवड्याभरात तिनं दुसरं पाऊल टाकलं. गुणवंतच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुणकुण होती. शोभना सासूजवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुमच्या हातात गुण आहे. यांच्या नोकरीसाठी अखंड दिवा ठेवाल का? मी काही नेमानं करू शकत नाही, माझं शिकवणीचं हे असं."

म्हातारीचे डोळे भरून आले. सुनेनं आपल्याला काहीतरी मागितलं, तेही मुलासाठी! त्या दिवसापासून समई विझली नाही. सत्यभामाबाई उठायच्या, तेल घालायच्या, वात सारायच्या, हात जोडायच्या, आणि मागच्या खोलीत जाऊन कुडकुडायच्या. स्वतःच्या हातानं, श्रद्धेनं, रोज. शोभनाला नुसतं तेल आणून द्यावं लागायचं. ते ती न विसरता आणायची.

बिल्डिंग चिलर-फ्री, म्हणजे गार हवेचं बिल मालकाच्या गळ्यात. त्यामुळे एसी किती धावतोय ते बघायला कुणाला कारणच नव्हतं.

सत्यभामाबाईंनी दोन स्वेटर चढवले, पायात मोजे घातले. गुडघे लाकडासारखे झाले. जेवताना घास उचलताना बोटं थरथरायला लागली. एक दिवस त्यांनी गुणवंतला हळूच म्हटलं, "बाळा, तेवढा एसी जरा कमी कर की."

गुणवंत उठला, पॅसेजमध्ये गेला, आकडा बघून आला. "आई, चोवीस आहे. चोवीस म्हणजे काय थंडी असते का? बाहेर चव्वेचाळीस आहे. इथे सगळे चोवीसवरच ठेवतात." मुलगा वेदांग लहान असताना बटणांशी खेळायचा म्हणून त्या डबीला कोड घातलेला होता. म्हातारीनं एकदा बोट लावून बघितलं, तर नातू आतून ओरडला, "आजी, डोंट टच! इट्स लॉक्ड!"

मग त्यांनी जुन्या साडीचा बोळा करून, खुर्चीवर चढून, झडपेत कोंबला. या वयात! झडपेला पाणी सुटलं, छताला पोपडा धरला, आणि गुणवंत पहिल्यांदा त्यांच्यावर खेकसला. "आई, पडली असतीस तर? आणि हे सीलिंग कोण दुरुस्त करणार? आकडा दिसतोय ना समोर? मनाचे खेळ आहेत तुझे." शोभना मध्ये पडली, अगदी वेळेवर. "असू दे रे, वय झालंय त्यांचं," ती म्हणाली. वय झालंय हे शब्द त्या दिवशी घरात पहिल्यांदा आले, आणि मग मुक्कामालाच राहिले.

तरी म्हातारीनं हट्ट सोडला नाही. शेवटी गुणवंतनं बिल्डिंगच्या मेंटेनन्सला फोन केला. अबरार नावाचा पेशावरकडचा माणूस दुपारी येणार होता. गुणवंत ऑफिसात. अबरार यायच्या बऱ्याच आधी शोभना म्हणाली, "आई, देव्हाऱ्यामागच्या भिंतीला काजळी धरलीय. पुसून घेते. तोवर दिवा ओट्यावर ठेवूया का? विझणार नाही, मी बघते." तिनं स्वतःच्या हातानं समई जपून स्वयंपाकघरात नेली, भिंत पुसली, कोरडी केली. अबरार आला तोवर डबी गार झाली होती आणि मागची खोली माणसात आली होती. त्यानं आपलं तापमान मोजायचं यंत्र खोलीत धरलं, झडपेपाशी धरलं, पॅसेजमध्ये धरलं.

"चोबीस है मॅडम, एकदम बराबर. एसी ठीक है," तो म्हणाला.

"आई, ऐकलंत ना?" शोभना मायेनं म्हणाली. सत्यभामाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी एक स्वेटर काढून मांडीवर ठेवला होता. अबरार "खलास" म्हणून सही घेऊन गेला, शोभनानं समई परत देव्हाऱ्यात आणून ठेवली, आणि संध्याकाळी गुणवंतला निरोप दिला की एसी ठणठणीत आहे.

यानंतर म्हातारीनं तक्रार केली नाही. शोभनाला वाटलं, जिंकले. पण ऑगस्टमध्ये भलतंच सुरू झालं. सत्यभामाबाई भर दुपारी लिफ्टनं खाली जायच्या आणि पार्किंगशेजारच्या बाकावर उन्हात बसायच्या. ऑगस्टच्या दुपारी! जिथे कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही, तिथे ही बाई पदर पाठीवरून सोडून, हात पसरून, ऊन खात बसलेली. वॉचमन इद्रीस पाण्याची बाटली घेऊन धावायचा. "माताजी, यल्ला, ऊपर चलो, मर जाओगे." त्या म्हणायच्या, "थोडा बैठती हूँ बेटा. हड्डी में ठंडी गया है."

आता दुबईत ऑगस्टमध्ये हाडात थंडी गेली म्हणणाऱ्या बाईला लोक काय समजणार? गॅलऱ्यांमधून बघणाऱ्या बायका शोभनाला फोन करायला लागल्या. शोभना एवढंच म्हणायची, "काय सांगू, खोलीत छान चोवीस आहे. तरी त्यांना थंडी वाजते." आणि एक बारीक सुस्कारा. मंडळात बोलणं सुरू झालं. गुळवण्यांच्या आजींना भ्रम झालाय. बिचारी शोभना.

एक दिवस म्हातारी बाकावरच कलंडली. इद्रीसनं उचलून वर आणलं. मग हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरनं सलाइन लावलं आणि उष्माघात म्हणून सांगितलं. गुणवंत खुर्चीत डोकं धरून बसला. मग म्हणाला, "आता नाही जमायचं, शोभना. उद्या काही झालं तर? मी अमरावतीला फोन करतो."

शोभनानं ताबडतोब हो म्हटलं नाही. ती तेवढी कच्ची नव्हती. "अरे, लोक काय म्हणतील?" म्हणाली. दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा गप्प बसली. गुणवंतची नोकरी टिकली होती, त्याच आठवड्यात वरचं पदही मिळालं होतं, आणि सत्यभामाबाईंनी हॉस्पिटलातून आल्या आल्या देवापुढे साखर ठेवली होती.

निघायच्या दिवशी गुणवंत सकाळी ऑफिसला जाऊन दुपारी यायचा होता. शोभना सासूची बॅग भरत होती. काम फत्ते झालं की माणसाला दया सुचते, तशी तिला सुचली. तिनं आल्याचा चहा केला, बशीसकट दिला, आणि नव्या शालीची घडी करत म्हणाली, "आई, तिकडे हवा चांगली आहे. तुम्हाला बरं वाटेल."

"वाटेल की," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी चहा बशीत ओतला. "समई ठेव हो इथेच. आता जरा लांब ठेवलीस तरी चालेल."

शोभनाचे हात शालीवर थांबले. "म्हणजे?"

"अगं, भिंत तापायची. ती डबी तापायची. त्या माणसाच्या दिवशी तू दिवा ओट्यावर नेलास आणि माझ्या खोलीत ऊब आली. परत आणून ठेवलास, परत गारठा. मी काय शाळा शिकलेली नाही, पण चूल पेटवत जन्म गेला माझा. धग कुठे जाते एवढं कळतं."

शोभनाच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "मग तुम्ही दिवा हलवला का नाहीत?"

"हलवणारच होते. पण घर गुणवंताचं, नवस त्याच्यासाठी. म्हटलं, त्याला विचारून हलवावं." त्यांनी फुर्र करून एक घोट घेतला. "त्याच रात्री विचारलं. सगळं सांगितलं, दिवा, डबी, तू भिंत पुसलीस ते. त्यानं हात लावून बघितलं. बराच वेळ उभा होता तिथे. मग म्हणाला, आई, राहू दे. दिवा आहे तिथेच राहू दे. आणि शोभनाला काही बोलू नकोस."

झडपेतून गार हवा चालूच होती. शोभना पलंगावर बसली. गुणवंतला माहीत होतं. उन्हाळाभर माहीत होतं. म्हातारी उन्हात जाऊन बसत होती तेव्हा माहीत होतं, सलाइनच्या नळीकडे बघत तो डोकं धरून बसला होता तेव्हाही माहीत होतं. तिला वाटत होतं आपण त्याला फसवतोय. आपण किती हुशार, आपण त्याच्या नकळत त्याचं घर मोकळं करतोय. आणि तो हात न भिजवता काठावर उभा राहून तिच्याकडून ते करवून घेत होता. कुठल्या माणसाबरोबर आपण एवढी वर्षं जेवलो, हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

"आई, तुम्ही तेव्हा मला तरी..." ती पुटपुटली.

"तुला काय सांगायचं? तुला माहीतच होतं की," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि बशी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी विमानतळाला निघण्यापूर्वी मंडळातली माणसं भेटायला आली. हॉल भरला. बायका म्हातारीच्या पाया पडल्या, कुणी सुका मेवा दिला, कुणी डोळे पुसले. गुणवंत आईच्या शेजारी सोफ्यावर बसला होता, तिच्या खांद्यावर हात टाकून. त्याचे डोळे खरोखर भरले होते. कुणीतरी विचारलं, "पण अचानक असं का रे?"

गुणवंतनं मान खाली घातली. आवाज कापरा झाला. "काय सांगू वहिनी. आईला मी जन्मभर इथेच ठेवली असती. पण शोभनाला झेपेना. घरात दोन बायका, मी कुणाची बाजू घेणार?"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या, जिथे शोभना ट्रे घेऊन उभी होती. ज्या बायका कालपर्यंत बिचारी शोभना म्हणत होत्या, त्यांनी तिच्या अंगावरून नजर फिरवली आणि म्हातारीचा हात आणखी घट्ट धरला. शोभनानं तोंड उघडलं. याला सगळं माहीत होतं, असं ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण काय माहीत होतं ते सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नव्हतं. गुणवंतनं मान वर केली आणि बायकोकडे शांतपणे बघितलं. त्याला कसलीच घाई नव्हती.

तिनं तोंड मिटलं आणि सगळ्यांना चहा दिला.